इन्स्टंट रिकव्हरी फसली? व्हीएम कोणत्या पायरीवर अडकली ते आधी शोधा

इन्स्टंट रिकव्हरी (बॅकअप फाइलमधूनच व्हीएम, म्हणजे आभासी मशीन, थेट चालू करणं) फसली की फोनवरचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘बॅकअप करप्ट झालाय वाटतं.’ मग एक जण होस्ट (व्हीएम चालवणारा सर्व्हर) रीस्टार्ट करतो, दुसरा आदल्या दिवशीचा रिस्टोअर पॉइंट (त्या वेळेची बॅकअप प्रत) लावून बघतो, तिसरा फायरवॉलच बंद करून टाकतो. तासाभरात चार गोष्टी बदललेल्या असतात आणि व्हीएम जिथे होती तिथेच असते. अशा ठिकाणी मागाहून पोचलं की मूळ बिघाड राहतो बाजूला, आधीच्या मंडळींनी काय काय हलवलं हे शोधण्यातच रात्र जाते.

लेख वीम बॅकअप अँड रेप्लिकेशन (बॅकअपचं सॉफ्टवेअर) आणि व्हीएमवेअर ईएसएक्सआय (होस्टवर व्हीएम चालवणारी प्रणाली) या जोडीपुरता आहे. मायक्रोसॉफ्टच्या हायपर-व्हीवर जोडणीची पद्धत वेगळी असते, त्यामुळे तिथे टप्पा ३ जसाच्या तसा लागू करू नका. आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच त्या इंग्रजी अक्षरांत टाकायच्या.

## आत काय घडतं ते आधी डोक्यात ठेवा

इन्स्टंट रिकव्हरीत सुरुवातीला काहीही ‘रिस्टोअर’ होत नाही. बॅकअप फाइल रिपॉझिटरीवर (बॅकअप साठवण्याच्या जागेवर) आहे तिथेच राहते. माउंट सर्व्हर म्हणजे बॅकअपमधल्या डिस्क होस्टला दाखवणारं मशीन. त्याच्यावरची व्हीपॉवर एनएफएस सर्व्हिस त्या फाइलच्या आतल्या डिस्क एका एनएफएस शेअरवर (नेटवर्कवरून वापरायच्या फोल्डरवर) असल्याचं भासवते. ईएसएक्सआय होस्ट तो शेअर डेटास्टोअर (व्हीएमच्या फाइली ठेवण्याची जागा) म्हणून जोडून घेतो. त्यावरच्या व्हीएमची होस्टवर नोंदणी होते आणि ती चालू होते. व्हीएम जे नवीन लिहिते ते बॅकअप फाइलमध्ये जात नाही, वेगळ्या राइट कॅशमध्ये साठतं. शेवटी तुम्ही व्हीएम खऱ्या स्टोरेजवर हलवता.

म्हणजे साखळी अशी: फाइल वाचणं, शेअर जोडणं, नोंदणी, पॉवर ऑन, ऑपरेटिंग सिस्टिम उठणं, नेटवर्क, स्थलांतर. वीमच्या कन्सोलवरचा लाल संदेश बहुतेक वेळा साखळी तुटल्याचा परिणाम सांगतो, जागा सांगत नाही. जागा आपल्याला शोधायची असते. आणि माझ्या पाहण्यात ती जागा बहुतेक वेळा दुसरी कडी, म्हणजे शेअर जोडणं, हीच निघाली आहे. म्हणून या लेखात सगळ्यात मोठा टप्पा तोच आहे.

## टप्पा १: काही बदलण्याआधीची पंधरा मिनिटं

१. रिकव्हरी सेशनचा तपशील उघडा आणि शेवटची यशस्वी ओळ लिहून घ्या. लोक लाल ओळीचा फोटो पाठवतात. मला तिच्या वरची हिरवी ओळ हवी असते. ‘डेटास्टोअर जोडला’ हे हिरवं आहे आणि ‘नोंदणी’ लाल आहे, तर नेटवर्कच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

२. सेशन किती वाजता फसलं ते सेकंदासकट टिपा. होस्टच्या लॉगमधली वेळ बहुधा यूटीसीमध्ये असते, म्हणजे भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे. रात्री ११:४० चा बिघाड तिथे १८:१० ला सापडेल. हे विसरल्यामुळे लोक तासभर भलत्याच ओळी वाचत बसतात.

३. त्याच व्हीएमचं बॅकअप जॉब तात्पुरतं बंद ठेवा. रिकव्हरी चालू असताना जॉबने जुने पॉइंट विलीन करायला घेतले, किंवा उलट जॉब चालू असताना तुम्ही रिकव्हरी सुरू केली, की दोघंही एकाच फाइलच्या कुलपाशी येऊन थांबतात. कॉपी जॉब आणि टेप जॉबही बघा. ते नेमके रात्रीच लागलेले असतात.

४. मूळ व्हीएम कोणत्या अवस्थेत आहे ते बघा. ती अर्धवट चालू असेल तर आधी बंद करा. तिच्या डिस्क वाचवण्यासारख्या असतील तर ‘मूळ जागी रिकव्हर करा’ हा पर्याय निवडू नका, कारण त्यात जुनी व्हीएम काढून टाकली जाते. नवीन जागा आणि नवीन नाव द्या. नावापुढे तारीख जोडली की पुढचा गोंधळ टळतो.

५. एका कागदावर रकाने पाडा: वेळ, काय बदललं, काय झालं. हो, कागदच. स्क्रीनवर आधीच आठ खिडक्या उघड्या असतात.

इशारा: इथून पुढे एका वेळी एकच बदल. बदलाने फरक पडला नाही तर तो उलटवा आणि मगच पुढचा करा.

## टप्पा २: बॅकअप वाचता येतो का?

ही तपासणी आधी करायची, कारण ती स्वस्त आहे आणि ‘बॅकअप करप्ट’ हा वाद मिटवून टाकते.

१. त्याच रिस्टोअर पॉइंटवरून एक छोटी फाइल गेस्ट फाइल रिस्टोअरने (व्हीएमच्या आतली एकेकटी फाइल काढण्याच्या सोयीने) उघडून बघा. अकाउंट्सच्या फोल्डरमधली एखादी एक्सेल शीट उघडली, तर बॅकअप साखळीतली पूर्ण आणि इन्क्रिमेंटल (फक्त त्यानंतरचे बदल साठवणारी) फाइल दोन्ही जागेवर आहेत आणि सॉफ्टवेअर त्या वाचतंय. डिस्कचा प्रत्येक ब्लॉक धडधाकट आहे याची ही हमी नाही, पण दिशा कळते.

२. फाइल उघडली नाही, तर रिपॉझिटरीवर जाऊन बॅकअप फाइलींची साखळी डोळ्यांनी पाहा. इन्क्रिमेंटल फाइल तिच्या मागच्या पूर्ण फाइलशिवाय निरुपयोगी असते. जागा कमी पडली म्हणून कोणीतरी ‘सगळ्यात जुनी आणि सगळ्यात मोठी’ फाइल हाताने डिलीट केलेली असते. ती नेमकी पूर्ण बॅकअपची निघते.

३. बॅकअप सर्व्हरच नव्याने उभा केला असेल आणि फाइल आयात केली असेल, तर एन्क्रिप्शनचा पासवर्ड लागेल. तो नसेल तर पुढचे सगळे टप्पे बाद. आधी पासवर्ड शोधा.

४. शंका उरलीच तर वीमचं बॅकअप व्हॅलिडेटर हे साधन फाइलचे चेकसम (मजकूर बदलला नाही ना हे दाखवणारे आकडे) तपासतं. ते अख्खी फाइल वाचतं, त्यामुळे मोठ्या फाइलला तास लागतात. ते एकीकडे लावा आणि दुसरीकडे टप्पा ३ सुरू करा.

तपासा: छोटी फाइल उघडली? मग आता बॅकअपला दोष देणं थांबवा.

## टप्पा ३: डेटास्टोअर होस्टवर जोडला जातो का?

इचलकरंजीतल्या एका कारखान्यात मध्यरात्री पोचलो तेव्हा तीन जण तीन लॅपटॉपवर होते. ‘एनएफएस डेटास्टोअर जोडता आला नाही’ एवढाच संदेश येत होता. होस्ट दोनदा रीस्टार्ट झाला होता आणि फायरवॉलवर सगळं मोकळं केलं होतं. माउंट सर्व्हरवर नेटस्टॅट (कोणतं पोर्ट कोण वापरतंय ते दाखवणारी आज्ञा) चालवलं, तर पोर्ट २०४९ वर वीमची नाही, विंडोजची स्वतःची एनएफएस सर्व्हर सेवा बसलेली. काही महिन्यांपूर्वी एका लिनक्स मशीनला फोल्डर द्यायचा होता म्हणून कोणीतरी त्या सेवेचा रोल (विंडोज सर्व्हरचा जास्तीचा घटक) टाकला होता. काम झालं, रोल तसाच राहिला. रोज रात्री बॅकअप हिरवा येत होता, कारण बॅकअप घ्यायला एनएफएस लागतच नाही. रोल काढून सर्व्हर रीस्टार्ट केला आणि दहा मिनिटांत व्हीएमचा लॉगिन पडदा दिसला.

या टप्प्यात क्रम महत्त्वाचा आहे. माउंट सर्व्हरपासून सुरू करून होस्टकडे सरका.

### ३.१ माउंट सर्व्हर नेमका कोणता?

प्रत्येक रिपॉझिटरीच्या सेटिंगमध्ये माउंट सर्व्हर ठरवलेला असतो. तो बॅकअप सर्व्हरच असेल असं गृहीत धरू नका. रिपॉझिटरी संपादित करा, माउंट सर्व्हरच्या पानावर जा आणि नाव वाचा. तिथेच व्हीपॉवर एनएफएस सर्व्हिस चालू करण्याची खूण आहे का तेही बघा.

इथे एक सापळा नेहमी सापडतो. नाशिकच्या शाखेत रिपॉझिटरी आहे, होस्टही नाशिकलाच आहे, पण माउंट सर्व्हर म्हणून पुण्याच्या मुख्य कार्यालयातला बॅकअप सर्व्हर नेमलेला आहे. मग प्रत्येक ब्लॉक नाशिकहून पुण्याला जातो आणि पुण्याहून परत नाशिकला येतो. एवढ्यावर व्हीएम चालू झालीच तरी कोणी ती वापरू शकत नाही. माउंट सर्व्हर रिपॉझिटरी आणि होस्ट या दोघांच्या जवळच हवा.

### ३.२ सर्व्हिस आणि पोर्ट

१. माउंट सर्व्हरवर व्हीपॉवर एनएफएस सर्व्हिस चालू आहे का ते सर्व्हिसेसच्या यादीत बघा.

२. ‘नेटस्टॅट -एएनओ’ चालवा आणि १११ व २०४९ ही पोर्ट कोणाच्या ताब्यात आहेत ते पाहा. शेवटच्या रकान्यातला प्रोसेस क्रमांक टास्क मॅनेजरमध्ये जुळवा. याशिवाय माउंटसाठी १०५८ (सर्व्हिस बॅकअप सर्व्हरवरच असेल तर) किंवा १०६३ (वेगळ्या विंडोज मशीनवर असेल तर) हे पोर्ट लागतं.

३. ही पोर्ट दुसऱ्याने धरलेली असतील तर वीम पुढच्या क्रमांकाचं पोर्ट घेऊ शकतं. ऐकायला हे बरं वाटतं, पण तुमच्या फायरवॉलला तो पुढचा क्रमांक माहीत नसतो. पोर्ट बदलत बसण्यापेक्षा आगंतुक सेवा काढा.

४. विंडोज फायरवॉलचं प्रोफाइल बघा. डोमेन कंट्रोलरच (सगळ्यांची लॉगिन सांभाळणारा सर्व्हर) गेला असेल तर सर्व्हरला डोमेन दिसत नाही आणि नेटवर्क कार्ड ‘डोमेन’ ऐवजी ‘पब्लिक’ प्रोफाइलमध्ये जाऊ शकतं. काल चालणारे नियम आज लागू नसण्याचं हे एक कारण आहे, आणि ते सहसा कोणाला सुचत नाही.

इशारा: फायरवॉल पूर्ण बंद करून ‘चालतंय का’ बघायचं असेल तर दोन मिनिटांपुरतंच, आणि कागदावर नोंद करून. रॅन्समवेअरनंतरची रिकव्हरी असेल तर तेही नको.

### ३.३ होस्टकडून माउंट सर्व्हर दिसतो का?

उलट दिशेने, म्हणजे माउंट सर्व्हरवरून होस्टला पिंग करून काही सिद्ध होत नाही. जोडणी होस्ट सुरू करतो, म्हणून होस्टच्या आतून तपासायचं. होस्टवर एसएसएच (दूरून आज्ञा देण्याची सोय) चालू करा आणि हे करा:

१. ‘ईएसएक्ससीएलआय नेटवर्क आयपी इंटरफेस आयपीव्ही४ गेट’ या आज्ञेने होस्टचे व्हीएमके इंटरफेस (होस्टचे स्वतःचे नेटवर्क जोड) आणि त्यांचे आयपी बघा. माउंट सर्व्हरचा आयपी ज्या सबनेटमध्ये येतो त्याच सबनेटचा व्हीएमके वापरला जाईल. तसा एकही नसेल तर डीफॉल्ट गेटवेवरून जाईल.

२. ‘व्हीएमकेपिंग -आय व्हीएमके०’ (आय मोठ्या लिपीतला) आणि पुढे माउंट सर्व्हरचा आयपी. व्हीएमकेचा क्रमांक तुमच्याप्रमाणे.

३. पिंग लागला तर ‘एनसी -झेड’, मग आयपी, मग २०४९. पुन्हा तेच १११ साठी. पिंग चालतो आणि पोर्ट चालत नाही, तर वाटेत फायरवॉल आहे.

४. माउंट सर्व्हरला दोन नेटवर्क कार्डं असतील, एक व्यवस्थापनाचं आणि एक आयस्कझी स्टोरेजचं, तर होस्टला भलताच आयपी दिला गेलेला असू शकतो. कोणत्या आयपीवर प्रयत्न झाला ते होस्टच्या व्हीएमकर्नल लॉगमध्ये, टिपलेल्या वेळेच्या आसपास सापडतं. त्या आयपीवर होस्ट पोचूच शकत नसेल तर हाच तुमचा बिघाड.

तपासा: व्हीएमकेपिंग आणि दोन्ही पोर्ट हिरवी असल्याशिवाय रिकव्हरीचा पुढचा प्रयत्न करू नका. प्रत्येक फसलेला प्रयत्न होस्टवर थोडा कचरा ठेवून जातो.

### ३.४ जुना डेटास्टोअर आडवा आलाय का?

‘ईएसएक्ससीएलआय स्टोरेज एनएफएस लिस्ट’ चालवा. ‘वीमबॅकअप’ या शब्दाने सुरू होऊन पुढे सर्व्हरचं नाव असलेला डेटास्टोअर आधीच यादीत आहे आणि निष्क्रिय दाखवतोय, तर तो मागच्या कधीच्या तरी चाचणीचा अवशेष आहे. मधल्या काळात माउंट सर्व्हरचा आयपी बदलला असेल तर त्याच नावाने नवीन जोडणी होत नाही. होस्ट म्हणतो, हे नाव आधीच आहे.

तो काढण्याआधी त्यावर एकही व्हीएम नोंदलेली नाही याची खात्री करा. एखादी ‘इनअॅक्सेसिबल’ व्हीएम लटकत असेल तर आधी तिची नोंद काढा. नोंद काढायची आहे, ‘डिस्कवरून डिलीट’ नाही. मग ‘ईएसएक्ससीएलआय स्टोरेज एनएफएस रिमूव्ह -व्ही’ आणि डेटास्टोअरचं नाव.

जुन्या ईएसएक्सआयवर एनएफएस डेटास्टोअरची मूळ मर्यादा ८ होती. होस्टवर आधीच सात-आठ एनएफएस शेअर असतील तर प्रगत सेटिंगमधलं ‘एनएफएस मॅक्सव्हॉल्यूम्स’ बघा.

### ३.५ जोडला जातो, पण वाचताना गोठतो

हा प्रकार फसवा असतो. डेटास्टोअर दिसतो, फाइलींची नावंही दिसतात, पण व्हीएम चालू करताना सगळं थिजतं. कारण बहुधा एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार. होस्टच्या व्हीएमकेवर ९००० ठेवलंय, मधल्या एका स्विचवर १५०० आहे. छोटे पॅकेट निघून जातात, म्हणून पिंगही जातो आणि जोडणीही होते. मोठं पॅकेट मात्र वाटेत पडतं.

तपासणी अशी: ‘व्हीएमकेपिंग -डी -एस ८९७२’ आणि आयपी. इथे -डी म्हणजे पॅकेटचे तुकडे करू नकोस. हे गेलं नाही पण ‘-एस १४७२’ गेलं, तर वाटेत कुठेतरी जंबो फ्रेम (१५०० पेक्षा मोठे पॅकेट) चालत नाहीत. रिकव्हरीच्या रात्री स्विच दुरुस्त करायला जाऊ नका. जिथे १५०० आहे अशा व्हीएमकेच्या वाटेने वाहतूक न्या, स्विचचं नंतर बघा.

## टप्पा ४: नोंदणी आणि पॉवर ऑन

डेटास्टोअर जोडला गेला की कठीण भाग संपला. इथले संदेश सरळ असतात, फक्त नीट वाचायचे.

- हार्डवेअर आवृत्ती चालत नाही: व्हीएम नव्या होस्टवरची आहे आणि तुम्ही ती जुन्यावर उठवताय. ईएसएक्सआय ८.० सोबत आवृत्ती २० आली, ती ७.० वर उठणार नाही. योग्य होस्ट निवडा. व्हीएमएक्स फाइलमधला (व्हीएमच्या सेटिंगच्या फाइलमधला) आकडा हाताने कमी करण्याचा सल्ला सर्रास मिळतो, पण मध्यरात्री तो प्रयोग नको.
- फेलओव्हरसाठी पुरेशी साधनं नाहीत: क्लस्टरचं (एकत्र जोडलेल्या होस्टच्या गटाचं) अॅडमिशन कंट्रोल अडवतंय. एखादा होस्ट पडला तर उपयोगी म्हणून ते इतरांवर जागा राखून ठेवतं. एक होस्ट गेलेला असताना हे होणारच. काही अनावश्यक व्हीएम बंद करा, किंवा अॅडमिशन कंट्रोल तात्पुरतं बंद करून कागदावर लिहा.
- व्हर्च्युअल टीपीएम (आभासी सुरक्षा चिप) असलेली व्हीएम: व्हीसेंटरकडे (सगळे ईएसएक्सआय होस्ट सांभाळणाऱ्या सर्व्हरकडे) ‘की प्रोव्हायडर’, म्हणजे एन्क्रिप्शनच्या किल्ल्या पुरवणारी सेवा, नसेल तर अशी व्हीएम चालू होत नाही. त्याची किल्ली वेगळी जपलेली असावी लागते. बॅकअप फाइल असली म्हणजे किल्ली असते असं नाही.

सूचना: पहिल्या प्रयत्नात ‘नेटवर्कला जोडा’ आणि ‘आपोआप चालू करा’ या दोन्ही खुणा काढून ठेवा. नोंदणी झालेली व्हीएम आधी हातात येऊ द्या, मग तुम्ही स्वतः चालू करा. पायऱ्या वेगळ्या ठेवल्या की बिघाडही वेगळा दिसतो.

## टप्पा ५: चालू झाली, पण उठत नाही

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाईने रीसेट मारणं. प्रत्येक वाचन नेटवर्कवरून, बॅकअप फाइलमधून, कॉम्प्रेशन उलगडून येतंय. रिपॉझिटरी डीडुप्लिकेशन उपकरणावर (सारखा डेटा एकदाच साठवणाऱ्या उपकरणावर) असेल तर विखुरलेली वाचनं आणखी संथ होतात. एरवी दोन मिनिटांत उठणारा विंडोज सर्व्हर वीस मिनिटंही घेऊ शकतो. व्हीएमच्या परफॉर्मन्स टॅबवर डिस्क वाचनाचा आलेख हलतोय का ते बघा. हलत असेल तर खुर्चीवरून उठा आणि चहा घेऊन या. आलेख पूर्ण सपाट आणि सीपीयूही शांत असेल तरच ती अडकली आहे असं धरा.

डोमेन कंट्रोलरबद्दल विशेष. अॅप्लिकेशन-अवेअर पद्धतीने (आतल्या प्रोग्रामचा डेटा सुसंगत ठेवून) घेतलेल्या बॅकअपमधून डोमेन कंट्रोलर उठतो तेव्हा तो आधी डिरेक्टरी सर्व्हिसेस रिस्टोअर मोडमध्ये जातो, आपलं काम करतो आणि आपणहून रीस्टार्ट होतो. स्क्रीनवर ‘सेफ मोड’सारखं काहीतरी दिसतं, लोक घाबरून व्हीएम बंद करतात आणि प्रक्रिया अर्धवट राहते. पहिल्या लॉगिन पडद्यावर काही करू नका, दुसऱ्याची वाट बघा.

सगळं बरोबर असूनही बूट डिस्क सापडत नसेल तर नव्या व्हीएमचं फर्मवेअर पाहा, बायोस की यूईएफआय (मशीन सुरू करण्याच्या दोन वेगळ्या पद्धती). फिजिकल मशीनचा बॅकअप व्हीएम म्हणून उठवताना हा घोळ जास्त होतो. डिस्क कंट्रोलरचा प्रकारही तेव्हाच बघून घ्या.

राइट कॅश ज्या ड्राइव्हवर आहे तिथली मोकळी जागाही आत्ताच तपासा. डेटाबेस सर्व्हर तासाला ५ जीबी लिहीत असेल आणि स्थलांतर १२ तासांनी होणार असेल, तर ६० जीबी लागणार. कॅश सी ड्राइव्हवर असेल आणि तिथे ४० जीबीच मोकळे असतील, तर व्हीएम दुपारी, सगळे कामावर असताना गोठेल. माउंट सर्व्हरच्या सेटिंगमध्ये कॅशचा फोल्डर मोठ्या ड्राइव्हवर आधीच नेऊन ठेवा, किंवा रिकव्हरीच्या विझार्डमध्ये बदल वेगळ्या डेटास्टोअरवर वळवा.

## टप्पा ६: नेटवर्कला जोडताना

मूळ व्हीएम बंद आहे ना, हे पुन्हा एकदा बघा. एकाच नावाचे आणि एकाच आयपीचे दोन सर्व्हर एकत्र उठले तर अर्धे वापरकर्ते एकावर आणि अर्धे दुसऱ्यावर बिलं टाकत बसतात. ती बिलं नंतर कोणी जुळवायची?

नवीन मॅक पत्ता मिळाला असेल तर विंडोज त्याला नवीन कार्ड समजतं. जुन्या, आता न दिसणाऱ्या कार्डाला स्थिर आयपी चिकटून राहतो आणि नवं कार्ड डीएचसीपीवर (आपोआप मिळणाऱ्या आयपीवर) जातं. डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवा, जुनं कार्ड काढा, मग आयपी द्या.

रॅन्समवेअरनंतर उठवत असाल तर व्हीएम आधी अपलिंक (बाहेरच्या नेटवर्कशी जोड) नसलेल्या वेगळ्या व्हर्च्युअल स्विचला जोडा, तपासा, मग बाहेर आणा. त्या पॉइंटमध्येच विषाणू झोपलेला असू शकतो.

## मधली अडचण: व्हीसेंटर किंवा डोमेन कंट्रोलरच गेला असेल तर

मग नेहमीचा क्रम चालत नाही. आधी या चार गोष्टी करा:

१. बॅकअप सर्व्हरवर लॉगिन लोकल अॅडमिनिस्ट्रेटरने करा. तो पासवर्ड डोमेनवर अवलंबून नसलेल्या जागी लिहिलेला असायला हवा.

२. डीएनएस नाही, म्हणजे होस्टची नावं उलगडणार नाहीत. बॅकअप सर्व्हरच्या होस्ट्स फाइलमध्ये ईएसएक्सआय होस्ट आणि रिपॉझिटरी यांची नावं-आयपी लिहा.

३. व्हीसेंटर नसेल तर ईएसएक्सआय होस्ट वीममध्ये स्वतंत्रपणे, त्याच्या आयपीने जोडा. होस्टवर लॉकडाउन मोड असेल तर थेट लॉगिन होणार नाही. तो नॉर्मल प्रकारचा असेल तर होस्टच्या समोर बसून, होस्टच्या कन्सोलवरून काढता येतो.

४. डिस्ट्रिब्यूटेड स्विच (व्हीसेंटरमधून सांभाळला जाणारा, अनेक होस्टचा सामाईक व्हर्च्युअल स्विच) वापरत असाल तर सावध. स्टॅटिक बाइंडिंग असलेल्या पोर्ट ग्रुपवर नवीन व्हीएमला पोर्ट द्यायला व्हीसेंटर लागतो, आणि तोच तर उठवायचाय. त्यासाठी एफेमरल बाइंडिंगचा (व्हीसेंटरशिवाय होस्टच पोर्ट देतो अशा पद्धतीचा) एक पोर्ट ग्रुप, किंवा एक साधा स्टँडर्ड स्विच, आधीपासून तयार ठेवा.

उठवण्याचा क्रम: डोमेन कंट्रोलर व डीएनएस, मग व्हीसेंटर, मग डेटाबेस, मग अॅप्लिकेशन. मालक ‘आधी टॅली चालू करा’ म्हणतील. टॅलीची पाळी डेटाबेसच्या जोडीलाच ठेवा, क्रम मोडू नका.

## टप्पा ७: खऱ्या स्टोरेजवर हलवणं

व्हीएम चालू झाली, लोक कामाला लागले, सगळ्यांनी हुश्श केलं आणि स्थलांतर राहूनच गेलं. तीन दिवसांनी महिन्याच्या पॅचसाठी माउंट सर्व्हर रीस्टार्ट होतो आणि व्हीएमच्या पायाखालचा डेटास्टोअर नाहीसा होतो. म्हणून व्हीएम उठल्याबरोबर माउंट सर्व्हरचे विंडोज अपडेट थांबवा आणि त्या मशीनवर ‘रीस्टार्ट करू नये’ अशी चिठ्ठी लावा.

१. वेळेचा हिशेब आधी करा. १ टीबी डेटा सेकंदाला १०० एमबी वेगाने हलवायला १०,००० सेकंद, म्हणजे सुमारे पावणेतीन तास लागतात. १ गिगाबिटच्या जाळ्यावर यापेक्षा फार जास्त वेगाची अपेक्षा धरू नका.

२. परवान्यात स्टोरेज व्हीमोशन असेल तर व्हीएम चालू ठेवून हलवता येते. नसेल तर वीमचं क्विक मायग्रेशन वापरा. त्यात शेवटी थोडा वेळ व्हीएम थांबते, तेव्हा जेवणाची सुट्टी किंवा शिफ्ट बदलण्याची वेळ निवडा.

३. संपल्यावर व्हीएमच्या सेटिंगमध्ये प्रत्येक डिस्कचा डेटास्टोअर वाचा. दुसरी किंवा तिसरी डिस्क मागे राहिल्याचं मी पाहिलं आहे. व्हीएमची कॉन्फिगरेशन फाइल कुठे आहे तेही बघा.

मोठा इशारा: कन्सोलमधलं ‘स्टॉप पब्लिशिंग’ म्हणजे ‘झालं, आवरा’ असं बटण नाही. स्थलांतराआधी ते दाबलं तर व्हीएम निघून जाते आणि रिकव्हरीनंतर केलेलं सगळं काम, राइट कॅशसकट, पुसलं जातं. परत आणायचा मार्ग नाही. एकाही डिस्कच्या पत्त्यात अजून ‘वीमबॅकअप’ दिसत असेल तर त्या बटणाला हात लावू नका.

## टप्पा ८: झाडलोट

१. नव्या नावाने उठवलेल्या व्हीएमला व्हीस्फिअरमध्ये (व्हीएमवेअरच्या प्रणालीत) नवीन अंतर्गत ओळख क्रमांक मिळतो. जॉबमध्ये जुनी व्हीएम एकटी निवडून जोडलेली असेल तर जॉब तिलाच शोधत राहील आणि ‘सापडली नाही’ म्हणेल. नवी व्हीएम जॉबमध्ये घाला, जॉब पुन्हा चालू करा आणि त्याच दिवशी एक पूर्ण बॅकअप घ्या.

२. होस्टवरच्या एनएफएस यादीत निष्क्रिय डेटास्टोअर उरला असेल तर काढा. पुढच्या वेळी तोच टप्पा ३.४ मध्ये आडवा येतो.

३. वीमचं शुअरबॅकअप तुमच्या परवान्यात असेल तर महिन्यातून एकदा लावा. ते याच व्हीपॉवर एनएफएसच्या वाटेने व्हीएम उठवून बघतं. नसेल तर एक छोटी व्हीएम नेटवर्कशिवाय हाताने उठवा, लॉगिन पडदा पाहा आणि पब्लिशिंग थांबवा. इचलकरंजीतला तो रोल असल्या अर्ध्या तासाच्या चाचणीत दिवसाउजेडी सापडला असता.

४. आता कागद काढा आणि वरून खाली एकेक बदल उलटवा: अॅडमिशन कंट्रोल, लॉकडाउन मोड, होस्ट्स फाइलमधल्या ओळी, विंडोज फायरवॉल, माउंट सर्व्हरचे थांबवलेले अपडेट. सगळ्यात शेवटी होस्टवरचं एसएसएच बंद करा. ते हमखास चालूच राहतं.